पोट दिसेपर्यंत

नर्स तेओपिस्ता नुकत्याच जन्मलेल्या बाळाला आधी उपडं करायची. मुलगा की मुलगी, ते नंतर. टाळूपासून कण्यावर बोट फिरवत खाली यायची, मग बोटं, मग तळपाय. बायका म्हणायच्या, "ही बाळ बघते की बाजारात कोंबडी घेते?"

मसाका रस्त्यावरच्या एका इस्पितळात तिचं कामच ते. व्यंग दिसलं की आईला विचारून फोटो काढायचा आणि प्रश्न विचारायचे: ताप आला होता? झाडपाला घेतला? फॉलिकच्या गोळ्या कधीपासून? अशी माहिती गावोगावहून राजधानीला, कंपालाला जायची, म्हणजे बाळं कुठं आणि कशानं अधू होतात ते कळावं. म्हाताऱ्या बाळ पदराआड ओढायच्या. तेओपिस्ता ऐकायची नाही. "लपवलेलं बाळ पुढच्याला वाचवत नाही, आजी."

गोळ्यांच्या प्रश्नाला उत्तर ठरलेलं, "पोट दिसल्यावर." त्याआधी दिवस गेल्याचं कुणी बोलतच नाही, जळणाऱ्यांची नजर लागते. आणि बाळाचा कणा आणि डोकं तर पहिल्याच महिन्यात जुळून मिटतं, गोळी हवी ती तेव्हाच. तेओपिस्ता संतापायची. "लग्न झालं की गोळ्या सुरू करा, म्हणून घसा फोडते मी! अक्कल काय चुलीत घातली?" समोर बाळ गमावलेली बाई असायची, तरी तिची जीभ आवरत नसे.

मग नाबुकीरा बाळंतपणाला आली. सख्ख्या भावाची मुलगी, तेओपिस्ताची लाडकी. तिच्या बाळाला उपडं करायची गरजच पडली नाही. कवटीचा वरचा भाग नव्हताच. दोन-चार श्वास घेतले आणि ते गेलं.

तिची सासू केझिया मेलेल्याला गुंडाळायचं झाडाच्या सालीचं कापड घेऊन पुढं झाली. "दे इकडं. केळीच्या बागेत पुरून टाकते. फोटोबिटो नको हं. तू घरचीच ना? उद्या सगळे म्हणतील, हिच्या पोटातच खोट आहे. मग माझा मुलगा दुसरी आणेल, सांगून ठेवते."

तेओपिस्ताचे हात खरंच पुढं झाले. देऊन टाकावं असं तिला मनापासून वाटलं. इतक्या आयांना ऐकवलेलं सगळं त्या क्षणी ती गिळायला तयार होती.

"आत्या," खाटेवरून नाबुकीरा म्हणाली, "बाकीच्यांना विचारतेस ते मलाही विचार. फोटोही काढ."

तेओपिस्तानं फोटो काढला. मग विचारलं. ताप नव्हता. झाडपाला नाही.

"गोळ्या?"

"पोट दिसल्यावर."

"अगं, पण आधी का नाही? इथं मी रोज..." सवयीनं तिचा आवाज चढला.

नाबुकीरानं तिला मधेच तोडलं. "लग्नाआधी चटईवर बसवून तूच शिकवलंस ना? पोट दिसेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. नवऱ्याच्या आईला नाही, नर्सला तर मुळीच नाही, नर्सच्या तोंडाला कुलूप नसतं. घरात गोळ्या दिसल्या असत्या तर सगळ्यांना कळलं नसतं का?"

तेओपिस्ताला ती चटई आठवली. त्यांच्यात भाचीला संसारासाठी तयार करणं हे आत्याचंच काम. तिच्या आत्यानं तिला शिकवलं, तेच तिनं शब्दाला शब्द पुढं दिलं होतं, तेही मोठ्या अभिमानानं. त्या चटईवर बसताना आपण नर्स आहोत हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

गोळ्या उशिरा सुरू झाल्याचं कारण कागदावर लिहायचं होतं. तिनं लिहिलं, 'आत्यानं सांगितलं.' मग बाळाला स्वतःच्या हातानं गुंडाळून केझियाकडं दिलं.

त्यानंतर तिनं कुठल्याही आईला रागावून विचारलं नाही. नाबुकीरा अजून तपासणीला येते, सांगेल ते ऐकते, आणि सगळ्यांसमोर तिला आता आत्या नाही, नर्सबाई म्हणते.