तिला सांगितलेलं नाव

आरोग्याचा सर्व्हे करणाऱ्या दोघी जणी पालीला आमच्या घरी आल्या, तेव्हा माझा मुलगा नुकताच शाळेत जायला लागला होता. एक वयानं मोठी, खांद्याला बीपीच्या मशीनची पिशवी. दुसरी माझ्याच वयाची, हातात टॅब. ती म्हणाली, "मला ताईंशी एकांतात बोलायचंय."

सासूबाई उंबऱ्यातच बसल्या. "माझ्यासमोर इचार की. मी काय परकी हाय का?"

मोठीनं हसून त्यांचा हात धरला. "आजी, तुमी चला ओट्यावर. तुमचं बीपी बघू." त्या कुरकुरत का होईना, गेल्या.

ताप, खोकला, चूल की गॅस असं विचारून झाल्यावर ती आवाज खाली आणून म्हणाली, "आतापर्यंत किती वेळा दिवस गेले?"

आमच्या घरात याचं उत्तर ठरलेलं होतं. एकदा. मुलाच्या आधीचा विषय काढायचा नाही, असं सासूबाईंनी मला बजावलं होतं आणि मीही तो कधी काढला नव्हता. त्या दिवशी तोंडातून 'दोनदा' निघून गेलं.

"पहिल्या वेळी?"

"मुलगी. माहेरी झाली. रडलीच न्हाई."

तेवढ्यात दीर चार्जर शोधत आत आले. ती त्याच आवाजात म्हणाली, "आणि पाणी गाळून पिता का उकळून?"

"गाळून."

दीर गेले. चपलांचा आवाज फाटकापलीकडं जाईपर्यंत ती थांबली. मग टॅब पालथा ठेवून म्हणाली, "हे सर्व्हेतलं नाही, सांगायलाच पाहिजे असं काही नाही. पण नाव ठरवलं होतं का?"

ठरवलं होतं, सातव्या महिन्यातच. नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. मी ते तिला सांगितलं. तिनं हळूच एकदा उच्चारून पाहिलं. माझ्या लेकीचं नाव मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते.

निघताना ती म्हणाली, "बाहेर कुठं भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही. राग मानू नका. उगाच कुणी तुम्हाला खोदून विचारू नये."

मला राग कशाला येईल, असं वाटलं होतं. पण नंतर गल्लीत स्कूटी थांबली की मी हातातलं पीठ तसंच घेऊन दारात यायची. तिनं पुन्हा यावं, काही विचारू नये, फक्त ते नाव एकदा घ्यावं, एवढंच वाटायचं.

ती दिसली ती बीडच्या स्टँडवर. सासूबाईंचे डोळे दाखवून आम्ही परत निघालो होतो. ती गाड्यावर सीताफळं निवडत होती. माझ्याआधी सासूबाईंनीच तिला हटकलं. "बाई, तू आमच्या घरी आलतीस न्हाई का?"

"आले असेन आजी. लई गावं फिरते मी, लक्षात राहत नाही. गोळ्या चालू आहेत ना?"

दोघी गोळ्यांवर बोलत राहिल्या. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी. तिनं माझ्याकडं पाहिलं, पण कुणाही सुनेकडं पाहावं तसं. ती माझ्यासाठीच असं करतेय हे मला कळत होतं. तरी तिचा पदर धरून बाजूला न्यावं असं वाटत होतं. आमची गाडी लागली. खिडकीतून मी वळून पाहिलं, तर ती फळवाल्याशी भाव करत होती.

त्या दिवाळीला माहेरी धर्मापुरीला गेले. आई शेतात होती. मी जवळ बसले आणि एकदम नाव सांगून टाकलं. "माझ्या पोरीचं, आई."

आई हातातलं खुरपं खाली ठेवून उठली. "चल," म्हणाली. वडिलांनी माझ्या लेकीला कुठं पुरलं होतं ते मला कुणीच कधी दाखवलं नव्हतं. आई मला देवळाच्या बाजूच्या बांधापर्यंत घेऊन गेली. तिथं तूर कमरेएवढी वाढली होती, फुलं लागली होती.

"हितं," आई म्हणाली. "मी येत असते."

ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो.