छत बघायला या

बांधकाम खात्यातल्या त्या बाईंना सगळे झालंबाई म्हणत, आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. खात्याचं काम केलेला ठेकेदार पुढे दुसरीकडे काम मागायला जातो. तिथले लोक मग खात्याला विचारतात, माणूस कसा आहे, काम कसं केलं? ती उत्तरं बाई लिहायच्या. उत्तर ठरलेलं: कामाचं नाव, तारीख आणि 'काम पूर्ण झाले'. फार पूर्वी एका साहेबांनी कुणा ठेकेदाराचं तोंड भरून कौतुक केलं, त्याची भिंत दुसऱ्या गावी पडली, आणि खुलासे देता देता साहेबांच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून खात्याने तोंडाला कुलूप लावलं. चांगलं म्हणायचं नाही, वाईटही म्हणायचं नाही. याला ते निःपक्षपातीपणा म्हणत. आपण सरळ भित्रेपणा म्हणू.

ही सवय बाईंच्या घरापर्यंत पोचली होती. एकदा शेजारीण विचारायला आली, "तुमचे दातांचे डॉक्टर कसे आहेत हो?" बाई म्हणाल्या, "दात काढतात." आत बसलेल्या सासूबाईंना हसता हसता खोकला लागला. "अगं, दुखतं की नाही ते सांग की तिला," त्या म्हणाल्या. "पार सरकारी झालीस बाई तू."

बाईही हसल्या, पण ते बोलणं त्यांना लागलं. कारण त्याच दिवशी दुपारी गळतीवाली खात्यात येऊन गेली होती. गळतीवाली म्हणजे छतांची गळती बंद करणारी ठेकेदार. खात्यासाठी शाळेचं छत तिने केलं तेव्हा मजुरांच्या बरोबरीने डांबराच्या बादल्या वाहिल्या होत्या. आता रुग्णालयात लहान मुलांच्या विभागाच्या छताचं काम निघालं होतं, आणि तिच्यासमोर होता लवकरराव. हा गडी मुदतीच्या आधी काम उरकायचा, बिल घ्यायचा आणि छत गळायला लागायच्या आत दिसेनासा व्हायचा.

"ताई, तुम्ही दोघांनाही 'पूर्ण झाले' असंच लिहिणार," गळतीवाली म्हणाली होती. "मग त्यांनी माझ्यात आणि त्याच्यात फरक कसा करायचा? दोनदा असंच हातातोंडाशी आलेलं काम गेलं. हेही गेलं तर माझी माणसं घरी बसवावी लागतील."

बाईंनी तिला चहा पाजला. आणखी काय करणार होत्या?

दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयाच्या अभियंत्यांची पत्रं आली, दोन्ही ठेकेदारांची चौकशी करणारी. बाईंनी उत्तरं नेहमीसारखी लिहिली. मग दोन्ही उत्तरांखाली एकच ओळ घातली: 'केलेले काम पाहण्यास यावे. छतावर पाणी साठवून दाखवू.' आणि सहीसाठी साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "ही ओळ कशाला?"

"बघायला बोलावलंय, साहेब."

"नियमात बसतं का हे?"

"मत द्यायचं नाही, असा नियम आहे. काम दाखवायचं नाही, असं कुठेच नाही. आणि दोघांनाही तेच लिहिलंय."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "अंगाशी आलं तर मी तुमचंच नाव सांगेन," म्हणाले आणि सही केली.

अभियंते आले. शाळेच्या छतावरची पाणी जायची तोंडं बुजवून आदल्या दिवशीच घोटाभर पाणी भरून ठेवलं होतं. खालच्या वर्गात, बरोबर मधोमध, बाई ठेवणीतले कपडे घालून बाकावर बसल्या होत्या. गळतीवाली दाराशी उभी. इतकी वर्षं छतं केलेली ती, पण तिलाही वर बघवत नव्हतं. अभियंत्यांनी शिडी लावली. कोपरे चाचपले, पंख्याच्या हुकाभोवती बोटं फिरवली, नळ जिथून खाली उतरतो तिथे नखाने खरवडून पाहिलं. मग खाली उतरले आणि तळहात बाईंपुढे धरला. ठणठणीत कोरडा.

तिथून मंडळी लवकररावने छत केलेल्या जुन्या कचेरीकडे गेली. तिथल्या रखवालदाराने पाण्याची नळी बघितली आणि तो जिन्यातच आडवा उभा राहिला. "वर पाणी सोडू नका हो. फायली कालच वाळवल्यात."

अभियंत्यांनी नळी गुंडाळायला सांगितली.

काम गळतीवालीला मिळालं. ती सांगायला आली तेव्हा बाईंनी भर कचेरीत तिला मिठी मारली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या नोकरीचा त्यांना अभिमान वाटला. तेवढ्यात लवकरराव तणतणत आला.

"माझ्याबद्दल काय लिहिलंत तुम्ही?"

"काम पूर्ण झाले, असं."

"मग त्यांना तिथे न्यायचं कारण काय?"

"तुमचंच काम आहे," बाई म्हणाल्या. "कुणी बघायला आलं तर तुम्हाला बरं वाटायला हवं."

आतून साहेबांचा आवाज आला, "ती ओळ आता सगळ्यांच्याच पत्रात घाला."

हे ऐकून लवकररावचा चेहरा पडला. बाहेर बाकावर बिलांसाठी थांबलेल्या ठेकेदारांनीही ते ऐकलं, आणि एकेक जण उठून निघून गेला. दुसऱ्या दिवशी लवकररावची माणसं त्या जुन्या कचेरीवर चढली. कुणी बोलावलं नव्हतं, पैसे मिळायचे नव्हते, तरी डांबर तापत होतं. आठवडाभरात गावातल्या निम्म्या सरकारी इमारतींना शिड्या लागल्या.