आमी दोघी, साहेब

संगीताचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीतल्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये माईकवर कोंबड्यासारखा आरवत होतो. रविवारची दुपार, समोर आयटीवाले, त्यांची पोरं, मागं पावभाजीचा तवा. मी मिमिक्री करतो. हळद, बारसं, कंपनीचं गेट-टुगेदर, बोलवाल तिथं. कोंबड्यानंतर ट्रॅफिकमध्ये अडकलेला कॅबवाला होता, तो केला, लोक हसले, आणि मग मागं जाऊन मी फोन लावला. संगीता म्हणाली, "नकल्या, शालन न्हाई राह्यली रं." पुढं नुसते हॉर्न ऐकू येत होते. आणि तिकडं स्टेजवर निवेदक माझं नाव घेऊन ओरडत होता, कारण माझा अजून म्हातारा गायक बाकी होता… मी गेलो. केला म्हातारा गायक. टाळ्याही पडल्या. त्याची लाज अजून जात नाही.

त्याला आता दीड महिना झाला. शालनआक्का आणि संगीता ही त्यांची खरी नावं नाहीत. खरं नाव एकदा फोटोसकट मोबाईलवरच्या बातमीत फिरलंय, तेवढं बास झालं. आक्का धंदा करायची. हा शब्द तिचाच. एका संस्थेच्या वकीलबाई 'लैंगिक काम' म्हणायच्या, तेव्हा आक्का म्हणायची, "बाई, एवढं लांब नाव घेस्तोवर गिऱ्हाईक पौडाला पोचतंय."

आमची ओळख पिरंगुटच्या बस स्टॉपवर झाली. मी मित्रांना कंडक्टर करून दाखवत होतो, "पुढं सरका, पुढं सरका, पौड काय पळून जात न्हाई." शेजारी पंचेचाळिशीची एक बाई, डोक्याला चापून तेल, हातात डब्याची पिशवी. मला वाटलं एमआयडीसीतली पॅकिंगवाली. ती पदरात तोंड घालून हसली आणि म्हणाली, "पोलिसाचा आवाज येतो का रं?" मी म्हणालो, "कुठला पाहिजे? हिंदी पिक्चरमधला का मराठी?" ती म्हणाली, "खरा." आता खरा मी कुठं ऐकला होता? मी उभ्या जन्मात चौकीची पायरी चढलो नव्हतो. मी आपला छाती फुगवून पिक्चरमधलाच मारला, सगळा स्टॉप हसला, आणि तिनं मला तिथल्या तिथं कामाला लावलं.

काम असं होतं, की महिन्यातून एका सोमवारी दुपारी तिच्या खोलीत सात-आठ बायका जमायच्या. त्या वकीलबाई यायच्या आणि कायदा सांगायच्या. सांगून झालं की मी इन्स्पेक्टर व्हायचं, बायकांवर ओरडायचं, आणि त्यांनी न घाबरता उत्तरं द्यायची. ही तालमीची कल्पना आक्काची. ती म्हणायची, "कायदा समद्यास्नी ठावा असतोय, पण साहेब समोर आला की जीभ टाळूला चिकटती. जिभेला सवय पायजे."

मी शाळेत नागरिकशास्त्र पाठ करून पास झालेला माणूस. मला वाटायचं हा धंदाच गुन्हा आहे. वकीलबाई म्हणाल्या, नाही. सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीनं करत असेल तर पोलिसांनी तिला त्रास देऊ नये, असं वरच्या कोर्टानंच सांगितलंय. मात्र रस्त्यावर गिऱ्हाइकाला बोलावलं तर गुन्हा. आणि दोघींनी एका खोलीत मिळून केलं, तर ती खोली म्हणजे कायद्यानं अड्डा. खोली ज्याची तोही अडकतो, आणि जिच्या नावावर भाडेकरार ती अड्डा चालवणारी ठरते. आक्का म्हणाली, "म्हंजी सैपाक करा, पण चूल पेटवू नका." वकीलबाई हसल्या. मग त्यांनी सांगितलं की एक-दोन देशांत हा कायदाच काढून टाकलाय. तिथं दोघी-तिघी मिळून खोली घेतात, आणि कुणी दंगा केला तर स्वतःच पोलिसांना फोन करतात. यावर आक्कानं विचारलं, "अन् त्ये येत्यात? गिऱ्हाईक म्हणून न्हवं, पोलीस म्हणून?" बायका लोळायच्या बाकी राहिल्या होत्या. त्यातून सावरल्यावर आक्का एकदम शांतपणे म्हणाली, "मला परदेश नको. दोघींची खोली ऱ्हाऊ द्या, बास."

तिला खरंच तेवढंच हवं होतं. आधी ती पॅकिंगलाच होती. "सुपरवायझरला जे फुकट पायजे हुतं, त्याचे मी पैसे घ्यायला लागले," असं एकदा सांगून तिनं तो विषय संपवला होता. मग संगीता भेटली, आणि दोघी एका खोलीत राहायला लागल्या. एकीकडं माणूस आलं की दुसरी दाराबाहेर लसूण सोलत बसायची. आतून आवाज चढला की बाहेरून कडी वाजवायची. आणि आक्काला दमा होता. लई वाईट दमा. धाप लागली की संगीता तिला उठवून बसवायची, पाठीमागं गुडघा द्यायची, गरम पाणी पाजायची आणि सबंध वेळ शिव्या घालायची. मी ते एकदा पाहिलंय. औषधापेक्षा शिव्यांचा गुण येत असावा असं वाटायचं.

आता माझी चूक सांगतो. तालमीत माझा इन्स्पेक्टर टेबल आपटायचा, डोळे वटारायचा, आणि शेवटी नेहमी हरायचा. कारण तो हरला की बायका हसायच्या, आणि समोर हसणारं माणूस असलं की मला दुसरं काही सुचत नाही. मी गरजायचो, "ए बाई! किती जणी राहता हितं?" आक्का कमरेवर हात ठेवून म्हणायची, "आमी दोघी, साहेब." आणि मी मिशीवरून हात फिरवत म्हणायचो, "मग तीन कप टाका." खोली नुसती फुटायची. दर सोमवारी हा डायलॉग व्हायचाच. वकीलबाईंनी दोनदा टोकलं, "अरे, हे उत्तर नको म्हणवून घेऊस त्यांच्याकडून, सवय लागेल." मी म्हणालो, "मॅडम, हशा इथंच आहे." आणि आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो. म्हणायला तरी बरं वाटतंय."

पोलीस खरे आले ते भर दुपारी. गिऱ्हाईक नव्हतं, काही नव्हतं. संगीता लसूण सोलत होती, आक्का कपडे वाळत घालत होती. पुढचं मला आक्कानं जामिनावर सुटल्यावर सांगितलं. "त्यो वराडला न्हाई रं नकल्या. तितंच गणित चुकलं. तू कसा बोंबलायचास, मी त्याची वाट बघत हुते. ह्यो चपला काढून आत आला. मावशी म्हणाला. म्हणाला, मावशी, घाबरू नका, किती जणी राहता? अन् मी… माझ्या तोंडात तयारच हुतं." आमी दोघी, साहेब. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. भाडेकरार आक्काच्या नावावर होता. आक्का अड्डा चालवणारी ठरली, म्हणजे आरोपी. संगीता ठरली पीडित, तिला सुधारगृहात पाठवलं. ती बिचारी ओरडून सांगत होती की मी माझ्या मर्जीनं राहते, वरच्या कोर्टानं सांगितलंय, सगळं तालमीत पाठ केलेलं, एक शब्द न चुकता. लेडी कॉन्स्टेबल तिला म्हणाली, "छान बोलतीस गं," आणि गाडीत बसवलं.

मी आक्काकडं बघू शकत नव्हतो. ती मात्र म्हणाली, "एका ताटात जेवणाऱ्या आमी. एक गुन्हेगार अन् एक पीडित. सैपाक कोण करतंय ते इचारलं असतं ना, तर संगीच आत गेली असती." मी कसाबसा हसलो. मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "च्याला थांबला न्हाई बघ त्यो." हे ती चिडून म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

कित्येक महिन्यांनी संगीता सुटली. पण वकीलबाईंनी हात जोडून सांगितलं, केस संपेपर्यंत दोघी एका छताखाली राहू नका, तेच पुरावा म्हणून उभं करतील. केस कधी संपणार विचारलं, की त्या पुढची तारीख सांगायच्या. जुन्या मालकाला नोटीस आली होती, त्यानं सामान आधीच रस्त्यावर टाकलं होतं. मग आक्का पिरंगुटात एका पत्र्याच्या वर्कशॉपमागं, आणि संगीता कासारसाईला. मधे हिंजवडीचं ट्रॅफिक. मी शेवटचा गेलो तेव्हा आक्का दारात बसून श्वास घेत होती, म्हणजे तेवढं एकच काम करत होती. मी म्हणालो, "संगीताला बोलवू?" ती म्हणाली, "नको. त्ये वहीवाले बघत्याल." मग थोडा श्वास साठवून म्हणाली, "कंडक्टर कर." मी केला. ती हसली नाही, नुसती मान हलवली. हसायला हवा लागते.

त्या रविवारी सकाळी तिनं फोन उचलला नाही म्हणून संगीता निघाली. दोन गाड्या बदलून, हिंजवडीत तासभर अडकून पोचली. दार आतून लावलेलं. वर्कशॉपवाल्या पोरांनी फोडलं. आक्का भिंतीला टेकून बसलेली होती. पाठीमागं उशी, उशीमागं पिठाचा डबा… गुडघ्याच्या जागी. स्वतःच स्वतःला उठवून बसवलं होतं तिनं.

केस बंद झाली. आरोपी मयत. वकीलबाईंनी फोन करून सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "सोमवारी येशील का? बायका विचारतायत." मी नाही म्हणणार होतो. पण तालीम आक्काची होती.

गेल्या सोमवारी संगीताच्या खोलीत नऊजणी होत्या. खोली एवढी लहान की एकीचा गुडघा दुसरीच्या मांडीवर, एकीनं पाणी प्यायचं तर दोघींनी सरकायचं. मी उभा राहिल्यावर संगीता म्हणाली, "ह्या टायमाला वराडू नको. हळू बोल." मी चपला बाहेर काढून आलो. आवाज खाली आणला. "ताई, घाबरू नका. किती जणी राहता?" पहिली म्हणाली, "एकटीच हाय, साहेब." तिला खेटून बसलेली म्हणाली, "एकटीच हाय, साहेब." मग तिसरी. एकमेकींना टेकून बसलेल्या त्या सगळ्याजणी ओळीनं तेच म्हणत गेल्या, नवीन एक अडखळली तर शेजारणीनं तिचा हात धरून तिच्याकडनं पुन्हा म्हणवून घेतलं. मी तळहातावर लिहून घेतल्यासारखं करत होतो. कुणी हसलं नाही. शेवटी संगीताचा नंबर आला. तिला पाठ करावं लागलं नाही.