बंगाली अक्षरांतली आठवण

श्यामलाचा दर रविवारचा ऑनलाइन मराठी वर्ग म्हणजे कोलकात्यातल्या मराठी घरांमध्ये कौतुकाचा विषय होता. कुणी बँकेतले, कुणी खाजगी कंपनीतले, कुणी नुसतेच बदल्यांना कंटाळलेले. पण प्रत्येकाला आपल्या पोराने आजीशी चार वाक्यं मराठीत बोलावीत असं वाटे. त्यासाठी श्यामला राबायची. चित्रं शोधायची, खेळ तयार करायची, मुलांचं बोलणं रेकॉर्ड करून पालकांना पाठवायची. "मॅडम, तुमच्यामुळे पोरं मराठी राहिली," असं कुणी म्हटलं की तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आणि तिच्या स्वतःच्या पोटची ऋचा? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ऋचा कोलकात्याच्या बेहाला भागात वाढलेली. शाळेत बंगाली, मैत्रिणींत बंगाली, भांडायचं तरी बंगालीत. आईने मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायची, आणि आईचे डोळे मोठे झाले की गप्प व्हायची. तिच्यावर मेहनत घ्यायला श्यामलाला सवड नव्हती. ती दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत होती ना!

मग तिने तोड काढली. ती हॉलमध्ये लॅपटॉपवर, ऋचा आतल्या खोलीत टॅबवर, आणि दोघींना एकाच वेळी दिसेल असं एक ऑनलाइन पान. वर्गात ऋचाला प्रश्न आला की श्यामला त्या पानावर उत्तर टाइप करायची आणि ऋचा ते वाचायची. देवनागरी वाचताना ऋचा अडखळे, म्हणून मराठी वाक्यं बंगाली अक्षरांत. मिरजेच्या आजोबांशी होणारे व्हिडिओ कॉलही याच पानाच्या जिवावर चालत. नवरा उन्मेष एकदा म्हणाला, "अगं, माझ्या बापाला फसवतेस तू." तिने उत्तर दिलं, "फसवत नाहीये, सांभाळून घेतेय." झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं तत्त्वज्ञान.

वर्गाला अधूनमधून महाराष्ट्रातले कुणाचे तरी आजी-आजोबा पाहुणे म्हणून येत. त्या रविवारी पाळी आली श्यामरावांची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन मिरजेला राहायचे. स्वच्छ इस्त्रीचा सदरा घालून ते कॅमेऱ्यासमोर बसले. मुलांच्या मागे त्यांचे आईवडीलही डोकावत होते.

श्यामलाने आधी आगगाडीचं चित्र सगळ्यांना दाखवायला घेतलं. निदान तिला तसं वाटलं. श्यामरावांनी गाडीच्या दोनचार गोष्टी सांगितल्या आणि मग लाडाने विचारलं, "ऋचा, मिरजेला कधी येणार तू?"

श्यामलाची बोटं चालू लागली. ऋचा वाचू लागली, "आजोबा, मी सुट्टीत नक्की येईन." आणि काय आश्चर्य, तिच्याबरोबर आणखी आवाज येऊ लागले. मॅडम स्क्रीनवर दाखवतील ते सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायचं, ही वर्गाची शिस्त मॅडमनीच लावलेली. इथे वाढलेल्या मुलांना बंगाली अक्षरं तोंडपाठ. श्यामलाला वाटलं, मुलं ऋचाची नक्कल करतायत, तिने घाईने पुढचं वाक्य टाइप केलं आणि अख्खा वर्ग एका सुरात गर्जला, "मला तुमची खूप आठवण येते!"

सुचित्रा नावाची एक आई हळूच म्हणाली, "श्यामलाताई, चित्र नाही दिसत. तुम्ही काय टाइप करताय ते दिसतंय."

स्क्रीन दाखवणं बंद करायचं बटण श्यामलाला सापडेना. पालकांपैकी कुणी खाली बघितलं, कुणी कॅमेरा बंद केला, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. श्यामराव तेवढे हसले. "वा, वा! सगळ्याच नातवंडांना माझी आठवण येते म्हणायची!"

वर्ग संपल्यावर तिने पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'आज सामूहिक वाचनाचा नवा प्रयोग करून पाहिला.' कुणीतरी अंगठा पाठवला. तो अंगठा बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोरी पकडली गेली होती आणि वर ती शहाजोगपणा करत होती.

दुपारी सासऱ्यांचा फोन आला. तिने तोच प्रयोग त्यांनाही ऐकवला. शेवटी एक आशा होतीच: मिरजेच्या म्हाताऱ्याला ती अक्षरं काय कळणार?

त्यांनी तिला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, "श्यामला, मला बंगाली वाचता येतं."

आणि ते पुढे सांगू लागले.

"तुमच्या कोलकात्यात सियालदहला एक रिटायर्ड बाई आहेत, मला व्हिडिओवर शिकवतात. बोलताना पोरीची नजर डावीकडून उजवीकडे जायची, प्रत्येक वेळी. आठवण कुणी वाचून दाखवतं का गं? म्हटलं, तिला माझ्या भाषेत येता येत नसेल तर आपण तिच्या भाषेत जावं."

"बाबा, मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू इतकी झटत होतीस. तुझा पाणउतारा कशाला करायचा? आता फोन तिच्याकडे दे."

तिने फोन दिला आणि पहिल्यांदाच ऋचासमोर ते पान नव्हतं. पलीकडून मोडकं-तोडकं "केमोन आछो, दिदिभाई?" आलं, म्हणजे कशी आहेस गं, बाळा? ऋचा क्षणभर गोंधळली आणि मग खळखळून हसली. आजोबांचे उच्चार सुधारत, त्यांना थांबवत, ती जी सुटली ती सुटलीच. शाळेतली भांडणं सांगितली, पोहायची भीती वाटते ते सांगितलं. श्यामलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आपली मुलगी घुमी आहे असंच ती सगळ्यांना सांगत आली होती.

ती चहाचा कप घेऊन दाराशी आली तेव्हा ऋचाचा आवाज एकदम खाली गेला होता. आजोबांनी बहुधा आजच्या वर्गाचं विचारलं असावं.

"आमाके निये आईयेर खूब लोज्जा," ऋचा म्हणाली.

आईला माझी फार लाज वाटते. इतक्या वर्षांत श्यामलाला एवढं बंगाली नक्कीच कळत होतं. नाही, असं नाही गं, हे आत जाऊन म्हणावं म्हणून तिने तोंड उघडलं. पण ते खरं नव्हतं, आणि आज आणखी एक खोटं बोलायची तिची छाती झाली नाही. ती तशीच दाराबाहेर उभी राहिली.