सहा आठवडे छापलेलं नाव

मध्य प्रदेशातल्या लालबर्र्याच्या बसस्टँडवर नागपूरची बस लागली तेव्हा बाबा खाली नव्हतेच. ते बसच्या टपावर चढून माझी सुटकेस दोरीने बांधत होते. कंडक्टर खालून ओरडत होता, "चाचा, उतरो भी अब!" आणि बाबा आणखी एक गाठ मारत होते. आई माझ्या ओढणीचं टोक धरून उभी होती. "तिकडं बर्फ पडते म्हणतेत. डोक्याले बांधत जा," एवढंच ती तीनदा म्हणाली. बाबा उतरले, हाताची धूळ पँटला पुसली आणि म्हणाले, "रडू नोको. मशीन चालवता येते तुले, कोठीबी पोट भरशील."

ती बस नागपूरला, तिथून विमान दिल्लीला आणि मग सरळ न्यूयॉर्क राज्यात. शहर नव्हे बरं का. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना उंच इमारती दिसतात. आम्ही राहतो तिथे सफरचंदाच्या बागा आहेत, एक बंद पडलेली कापडगिरणी आहे आणि चार महिने बर्फ. मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथल्या इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली होती. माझ्या पासपोर्टवरच्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की मी त्याची बायको आहे आणि मला काम करता येणार नाही.

हे लिहायला बसले त्याला कारण आहे. लालबर्र्यात अजून सांगतात की सिवनी रोडच्या टेलरची पोरगी अमेरिकेच्या पेपरात झळकली. मावसबहिणीने नागपूरहून फोन करून विचारलं, "ताई, तुझी मुलाखत आली होती का?" मुलाखत नाही, बायांनो. बारीक अक्षरातली कायदेशीर सूचना होती, एका लिलावाच्या आणि एका गटारदुरुस्तीच्या सूचनेच्या मधे दाबून बसवलेली. पण ती छापून आणायला मी जेवढी झगडले तेवढी आयुष्यात कशासाठीच झगडले नाही. म्हणून खरं काय झालं ते एकदा नीट सांगते.

बाबांचं शिलाईचं दुकान होतं, अजून आहे. मी दहावीत असल्यापासून मशीन उघडून बसायची. शटलचं टायमिंग, कापड पुढे सरकवणाऱ्या दातऱ्याची उंची, सुई कुठे घासते हे मला कानाने कळायचं. पुढे बालाघाटला पॉलिटेक्निक केलं. इथे आल्यावर चार वर्षं ते सगळं हातातल्या हातात जिरलं. मग कामाचा परवाना आला आणि गावातल्या एका कापडाच्या दुकानात मी गल्ल्यावर उभी राहिले. दुकानाची मालकीण डोरोथी, सत्तरीची, तोंडाने फटकळ. मागच्या खोलीत गिऱ्हाइकांची मशिनं दुरुस्तीला यायची. त्यांचा म्हातारा मेकॅनिक आजारी पडला त्या आठवड्यात मी विचारलं, "मी एक उघडून पाहू?" डोरोथीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर पुढे केला. त्या दिवसापासून मी गल्ल्यावर परत गेले नाही.

सहा वर्षांनी डोरोथीने दुकान बंद करायचं ठरवलं. शेवटच्या महिन्यात ती मला घेऊन तंबू आणि ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारखान्यात गेली. चाळीस मशिनं. तिथल्या मॅनेजरला म्हणाली, "ही माझ्याकडची सर्वांत चांगली कारागीर आहे, हिला धरून ठेवा." मॅनेजर तयार झाला, पण त्याची एक अट होती. मशिनं दुरुस्तीचा वर्षभराचा करार तो कंपनीशीच करणार होता, आणि ती कंपनी राज्यात नोंदलेली, सगळे कागद पूर्ण असलेली हवी.

कंपनी नोंदवणं फार सोपं निघालं. एका दुपारी घरबसल्या अर्ज भरला. नाव काय द्यायचं यावर मला विचारच करावा लागला नाही. आमच्या गावाकडची नदी. वैनगंगा. वैनगंगा शिलाई मशीन सर्व्हिस, एलएलसी. मंजुरीचा कागद आला तेव्हा मी बाबांना फोटो पाठवला आणि त्यांनी तो मोठा छापून दुकानात आरशाशेजारी लावला.

मग घरी पत्रं येऊ लागली. 'तुमच्या कंपनीची सूचना वर्तमानपत्रात छापणं बंधनकारक आहे, आम्ही छापून देतो.' रोज एक. मिलिंद म्हणाला, "फ्रॉड आहे, फाडून टाक." मीही फाडत गेले. दोन महिने फाडली. शेवटी मॅनेजरनेच विचारलं, "प्रकाशनाचं प्रमाणपत्र कुठे आहे?"

त्या दिवशी कायदा शोधून वाचला. कंपनी स्थापन झाल्यापासून एकशेवीस दिवसांच्या आत, एका दैनिकात आणि एका साप्ताहिकात, लागोपाठ सहा आठवडे सूचना द्यायची. पेपर आपल्या मनाचे नाहीत. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कचेरीतला क्लार्क नावं देणार. मग दोन्ही पेपरांकडून छापल्याचं प्रतिज्ञापत्र घ्यायचं, ते जोडून राज्याकडे प्रमाणपत्र दाखल करायचं. नाही केलं तर कंपनीचा धंदा करायचा अधिकार तहकूब. माझा तो साठावा दिवस होता.

मिलिंद ओशाळला होता. मी मात्र हसायला लागले. तो म्हणाला, "हसतेस काय?" मी म्हटलं, "आम सूचना! अरे, ही तर आपल्या घरची गोष्ट आहे."

बाबांचं नाव सूर्यभान. शाळेच्या दाखल्यावर कोण्या मास्तराने हिंदीच्या सवयीने सूरजभान लिहिलं. माझ्या शिष्यवृत्तीच्या वेळी दोन कागदांवर दोन नावं निघाली आणि बाबू म्हणाला, ही दोन माणसं आहेत. बाबा सायकलने, बसने, पायी, बालाघाटच्या चकरा मारत राहिले. शेवटी शपथपत्र केलं, पेपरात 'आम सूचना', म्हणजे जाहीर नोटीस, दिली की सूर्यभान आणि सूरजभान हा एकच इसम आहे. तेव्हा कुठे शिष्यवृत्ती सुटली आणि मी पॉलिटेक्निकची पायरी चढले. त्या दिवसांत ते म्हणायचे, "शिलाईत चूक झाली तं उसवता येते, बाई. कापताना झाली तं कपडा गेला. नाव हे कापायचं काम हाय."

काउंटीच्या क्लार्कने दोन पेपरांची नावं चिठ्ठीवर लिहून दिली. दैनिकाचं काम बिनबोभाट सुरू झालं. साप्ताहिकाचं कार्यालय पलीकडच्या गावात, वीस मैलांवर. पहिला अंक बर्फामुळे माझ्या हाती आलाच नाही. दुसऱ्या आठवड्यात मी गाडी काढून अंक आणला, सूचना पाहिली आणि आनंदाने फोटो घरी पाठवला. मी स्वतः ती तीनदा वाचली होती. माझ्या डोळ्यांना तिच्यात काहीच खटकलं नाही.

अर्ध्या तासाने बाबांचा फोन.

"बाई, दुकानात लावला हाय त्या कागदावर नावाच्या पहिल्या शब्दात शेपटीवालं अक्षर दोनदा हाय. ह्या पेपरात एकदाच."

"कोणतं शेपटीवालं?"

"मले का माहीत! गोल हाय, खाली शेपटी हाय. आधी एक, मंग दोन घरं सोडून अजून एक. पेपरवाल्यानं दुसरं खाल्लं."

बाबांना इंग्रजी येत नाही. त्यांनी दोन्ही कागद शेजारी धरून, भिंगाने, एकेक आकार जुळवला होता. मी पेपर उजेडात धरला. वैनगंगाच्या जागी 'वैनगाना'. दुसरा 'जी' गायब.

तो बहात्तरावा दिवस होता. दोन आठवडे वाया. पुढच्या अंकापासून सहा धरले तर शेवटचा अंक एकशेचौदाव्या दिवशी येणार, आणि प्रतिज्ञापत्र पोस्टाने यायला दोन आठवडे लागतात असं त्यांच्याच पावतीवर छापलेलं.

साप्ताहिकाच्या काउंटरवरची बाई चांगली होती, पण तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. "एकच तर अक्षर आहे," ती म्हणाली, "लोकांना कळेल."

मला बाबा दिसले, बालाघाटच्या खिडकीसमोर, टोपी हातात घेऊन. ते तिथे हळू बोलायचे. मी हळू बोलले नाही. माझं इंग्रजी अजून अडखळतं, पण त्या दिवशी अडखळलं नाही. "या नावाची कंपनी राज्यात नाही," मी म्हटलं. "तुम्ही दुसऱ्याच कंपनीची सूचना छापली आहे. मी दिलेला मजकूर हा आहे. चूक माझी नाही."

आतून संपादक आला, वॉल्टर नावाचा उंच, वाकलेला म्हातारा. त्याने माझा मजकूर पाहिला, छापलेला पाहिला, चष्मा काढला. "चूक आमची आहे," तो म्हणाला. "आम्ही पहिल्यापासून सहा आठवडे छापू. ही कुणाच्या लक्षात आली?"

"माझ्या वडिलांच्या. ते टेलर आहेत. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही."

वॉल्टरने चष्मा परत चढवला. मग म्हणाला, "मग छापण्याआधी प्रूफ त्यांनाच पाठवू."

आणि खरोखर पाठवलं. अंक छापायला जायच्या आदल्या दिवशी वॉल्टरकडून प्रूफचा फोटो मला, माझ्याकडून लालबर्र्याला, आणि बाबांचं उत्तर: "दोन शेपट्या. छापू दे." सहाही आठवडे. पुढे पुढे दुकानात शर्टाचं माप द्यायला आलेली माणसंही भिंग मागू लागली, असं आई सांगते.

शेवटचा अंक निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साप्ताहिकाच्या दारात उभी होते, दार उघडायच्या आधी. वॉल्टरने प्रतिज्ञापत्रावर सही केली, नोटरीला शेजारच्या बँकेतून स्वतः बोलावून आणलं. दैनिकाचं प्रतिज्ञापत्र माझ्या पिशवीत होतंच. पोस्टावर भरवसा ठेवायची माझी तयारी नव्हती. सोमवारी, एकशेअठराव्या दिवशी, मिलिंदने रजा टाकली आणि आम्ही राज्याच्या राजधानीला, आल्बनीला गेलो. खिडकीतल्या माणसाने दोन्ही कागद उलटेपालटे करून पाहिले. नाव नोंदीशी ताडून पाहिलं. मी त्याचं बोट अक्षरांवरून सरकताना पाहत होते. मग शिक्का पडला.

बाहेर पायऱ्यांवरून फोन लावला. तिकडे संध्याकाळ झालेली, दुकान उघडं. मी म्हटलं, "बाबा, झालं." पलीकडून रस्त्यावरच्या कुणाला तरी ओरडून सांगताना त्यांचा आवाज आला, "माह्या पोरीची कंपनी पक्की झाली! अमेरिकेच्या सरकारनं शिक्का मारला!" मिलिंद आणि मी त्या पायऱ्यांवर थंडीत उभे राहून वेड्यासारखे हसत होतो. येणारेजाणारे बघत होते. बघू देत.

करार झाला. पहिल्या सोमवारी मी कारखान्यात शिरले तेव्हा तिसऱ्या रांगेतलं एक मशीन खडखडत होतं. मी न थांबता त्या आवाजाकडे चालत गेले. आज माझ्याकडे दोघी काम करतात, एक इक्वेडोरची, एक इथलीच. दोघींनाही वैनगंगा म्हणता येतं. मी पक्कं करून घेतलं आहे.

ज्या मुली आपला गाव सोडून गेल्या आहेत, रायपूरला, पुण्याला, आणखी कुठे, त्यांना एक सांगते. बायको म्हणून आलेली बाई परक्या गावात खूप दिवस दिसतच नाही. त्या सहा आठवड्यांत त्या काउंटीला छापून कळलं की मी इथे आहे, हा माझा पत्ता, हे माझं काम. कुणी वाचलं असेल-नसेल. मी वाचलं. त्यानंतर बँकेत, इस्पितळात, शेजारी, मी दाराशी उभी राहायचं सोडून दिलं.

मागच्या हिवाळ्यात तीन आठवडे लालबर्र्याला गेले होते. निघायच्या आदल्या दिवशी आईबरोबर अंगणात तांदूळ पाखडत होते. मिलिंदचा फोन आला आणि बोलता बोलता मी म्हणून गेले, "परवा घरी पोचते." आईसमोर असं म्हटल्याचं लक्षात आलं आणि मी जीभ चावली.

आईने सुपातून मान वर केली नाही. "जीभ काहून चावतं वं?" ती म्हणाली. "घर म्हण. मी रामपायलीहून लगीन होऊन आली, तवा वरीसभर ह्या घराले 'इथं' म्हणत जाय. सासू हाक मारे तं पाहुण्यासारखी उठत जाय. मंग एक दिवशी बजारात कोणीतरी इचारलं, कोठी चालली? आन् माह्या तोंडून निंगालं, घरी."

तिने सूप झटकलं, खडे बाजूला पडले.

"त्या दिवसापासून इथं राज्य माह्यं हाय."