खालच्या मजल्यावरचं चष्म्याचं दुकान

मुलांनो, मी इथे सौदीत, जेद्दाला तुमच्या मामाकडे राहते, त्या अल अझीझिया भागातल्या इमारतीत समोरच नाशिकचं एक कुटुंब आहे. वडील इंजिनियर, मुलगी दुसरीत. शाळेनं कळवलं, मुलीला इंग्रजी वाचता येत नाही, सुधारली नाही तर वरच्या वर्गात घालणार नाही. लगेच शिकवणी लागली. तिथूनही तक्रारच: लक्ष नाही, आळशी आहे.

मग आईनं तिला माझ्याकडे वाचायला पाठवलं. पुस्तक नाकाला टेकवून ती धडा घडाघडा म्हणायची. एकदा मी मधेच पान उलटलं. ती आधीच्याच पानावरचं म्हणत राहिली. ती वाचत नव्हतीच, ऐकून पाठ केलेलं म्हणत होती. शाळेत उंचीप्रमाणे बसवतात. ही उंच, म्हणून कायम शेवटच्या बाकावर.

मी तिच्या आईला म्हटलं, "हिचे डोळे तपासून घे."

"हो काकू, सुट्टीत नाशिकला गेलो की दाखवूच. तिथे आपले डॉक्टर आहेत ना."

इथल्या आपल्या लोकांची ही खोडच. दात, कान, डोळे, सगळी दुखणी सुट्टीपर्यंत राखून ठेवायची.

"आणि तोवर तिनं काय करायचं? वासावरून वाचायचं?"

"एकदा चष्मा लागला की सुटत नाही हो. त्यात मुलीची जात."

मला अक्षरशः किळस आली. याच इमारतीखाली चष्म्याचं दुकान आहे. मागच्याच महिन्यात मुलीच्या वडिलांनी तिथून भारी गॉगल घेतला. तेव्हा मुलगी त्यांचं बोट धरून तिथेच उभी होती, तपासणीच्या खुर्चीला टेकून.

"आज संध्याकाळी तू नेतेस की मी नेऊ?" मी विचारलं.

मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजासाठी बंद झालेलं दुकान पुन्हा उघडलं तशा आम्ही तिघी आत शिरलो. नंबर चांगलाच मोठा निघाला. त्यावर आईचं पहिलं वाक्य, "फ्रेम बारीक दाखवा, फोटोत दिसायला नको."

चष्मा घालून शाळेत गेली त्या दिवशी मुलगी दप्तरासकट माझ्या दारात आली. "आजी, मॅम बोर्डवर सगळं लिहितात! मला वाटायचं, बाकीचे घरून पाठ करून येतात."

ती वरच्या वर्गात गेली. आईनं शिकवणीच्या बाईंना पेढे नेऊन दिले, त्यांच्या मेहनतीबद्दल. एक माझ्याही हातावर ठेवला. तो काही माझ्या घशाखाली उतरला नसता. मी मुलीला हाक मारली आणि तिला देऊन टाकला.