कच्च्या टाक्याच्या बाह्या

मेट्रनबाई निवृत्त झाल्या होत्या, पण हे फक्त इस्पितळाला माहीत होतं. बाळंतपणाच्या वॉर्डात त्या जशा खाटेखाटेपाशी थांबत, तशाच आता चर्चच्या मंडळीतल्या घराघरांत थांबत. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरचं माणूस गेलं की मेट्रनबाई हजर. खुर्ची ओढून बसत, कुणी सांगितलेलं नसताना नाडी बघत, आणि दुःख हे देवाचं औषध आहे, मधेच सोडलं तर गुण येत नाही, हे पटेपर्यंत समजावत. पाय मोडून पडलेला ऑर्गनवाला त्यांच्या दुसऱ्या भेटीनंतर कुबड्या घेऊन चालायला लागला. मंडळी याला चमत्कार म्हणत. तो स्वतः म्हणे, तिसरी भेट टाळायची होती.

देवाची कृपा लायकी बघून मिळत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. लायकी कोणाकोणाची नाही, हेही त्यांना तोंडपाठ होतं.

त्यांचं खरं राज्य मात्र बुधवारी दुपारी. चर्चच्या मागच्या खोलीत बायका गोल करून बसत, डोळे मिटत, आणि एकेक जण दुसऱ्यांसाठी मोठ्याने प्रार्थना करी. हेच डोळे उघडे ठेवून बोललं असतं तर त्याला चहाडी म्हटलं असतं. मागच्या वर्षी मेट्रनबाईंनी तिथे शिवणताईंसाठी प्रार्थना केली होती. शिवणताई म्हणजे मंडळीतल्या निम्म्या बायकांचे कपडे शिवणारी विधवा. ‘प्रभू, आमच्या या बहिणीची मुलगी सासर सोडून आली आहे, हे तू जाणतोस.’ प्रभू जाणत होता. बाकीच्यांना तेव्हाच कळलं. ‘तिचा ताठा मोड, तिला सोसायची कृपा दे.’ आमेन तर इतकं जोरात झालं की भिंतीवरचं घड्याळ हललं असं म्हणतात. तेव्हापासून शिवणताईंची मुलगी चर्चला आली नाही. घरी पडद्यामागे बसून काजं करते.

आणि आता मेट्रनबाईंची स्वतःची लेक बॅग घेऊन दारात उभी होती.

जावई त्यांनीच शोधला होता. जेवणाआधी तो इतकी सुंदर आणि इतकी लांब प्रार्थना करी की अन्न गार होई. ते कुणी गरम करायचं आणि उशीर झाला तर काय व्हायचं, हे लेकीच्या दोन्ही दंडांवर आणि मनगटांवर निळंहिरवं उमटलेलं होतं. तिने बॅग खाली ठेवून एवढंच म्हटलं, “आई, मला परत पाठवू नकोस.”

मेट्रनबाईंनी जखमा बघितल्या, थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या, हाड मोडलेलं नाही याची खात्री केली. हे सगळं त्यांना उत्तम येत होतं. मग त्या पडदे ओढून विचार करत बसल्या, आणि विचार काय केला, तर लोकांनी विचारल्यावर काय सांगायचं याचा. शेवटी ठरलं: मुलगी चार दिवस विश्रांतीला आली आहे. रविवारी ती चर्चला येईल, हसून सगळ्यांना भेटेल, आणि सोमवारी जावई येऊन घेऊन जाईल. त्याने फोनवर सासूबाईंची माफी मागितली होती, वर एक प्रार्थनाही केली होती. छान होती. लेकीला म्हणाल्या, प्रत्येकाला आपला वधस्तंभ असतोच. लेकीने विचारलं, “तुझा कुठाय?” मेट्रनबाईंना ऐकू आलं नाही.

अडचण एकच होती. दिवस कडक उन्हाळ्याचे, आणि लेकीचे सगळे ड्रेस आखूड बाह्यांचे. तेव्हा मेट्रनबाईंनी डोकं चालवलं आणि या हाताचं त्या हाताला कळू नये एवढी खबरदारी घेऊन, सगळ्या गावात नेमकं शिवणताईंनाच घरी बोलावलं. मुलीला ऊन सोसत नाही, दोन ड्रेसना लांब बाह्या जोडून हव्यात. माप मी सांगते, ती झोपली आहे. शिवणताई म्हणाल्या, बाह्यांचं माप तोंडी घेता येत नाही. एवढ्यात झोपलेली मुलगी आतून उठून आली, बाही वर सारली आणि हात पुढे केला.

टेप दंडावर टेकली, तशीच सैल पडली. शिवणताईंनी वर पाहिलं नाही.

“सैल ठेवते,” एवढं म्हणाल्या आणि कापड घेऊन गेल्या.

त्यानंतर मेट्रनबाई बुधवारपर्यंतचे दिवस मोजत राहिल्या. आपण शिवणताईंच्या लेकीबद्दल काय काय बोललो होतो, ते त्यांना शब्द न् शब्द आठवू लागलं, आणि प्रत्येक वाक्यात आपल्या लेकीचं नाव किती चपखल बसतं, हेही. जावं तर शिवणताई बोलणार. न जावं तर मनसोक्त बोलणार. त्या गेल्या. सुरुवात स्वतः केली आणि इतकी लांबवली की दूरदेशींच्या दुष्काळापासून पाळकसाहेबांच्या गुडघ्यापर्यंत काही सोडलं नाही. जावयालाही मागे टाकलं म्हणायचं. कुणाची तरी खुर्ची कुरकुरली. तरी पाळकबाई म्हणाल्याच, शिवणताईंची प्रार्थना राहिली.

मेट्रनबाईंनी डोळे घट्ट मिटले. आसपासच्या श्वासांवरून कळत होतं की खोलीला वास लागलाय. लेक चार दिवसांत खिडकीत दिसली नव्हती, ते का कुणाच्या नजरेतून सुटतं?

“प्रभू,” शिवणताई म्हणाल्या, “तुला सगळं ठाऊक आहे. मग आम्ही कशाला सांगायचं. आमेन.”

बाहेर पडल्यावर मेट्रनबाईंनी त्यांना जिन्यात गाठलं. आभार मानायला म्हणून गेल्या होत्या, पण आवाज वॉर्डातला निघाला.

“बोलली का नाहीस?”

“एक मुलगी पडद्यामागे बसली आहे, मेट्रनबाई. दुसरी कशाला बसवू?”

आपल्याला क्षमा मागायची आहे, पुढच्या बुधवारी सगळ्यांसमोर, असं काहीतरी मेट्रनबाई म्हणाल्या.

“ते राहू द्या. सगळ्यांसमोर मागाल तर सगळ्यांना पुन्हा आठवेल.” शिवणताईंनी पिशवीतून ड्रेस काढून त्यांच्या हातावर ठेवले. “लांब बाह्या कच्च्या टाक्याने जोडल्या आहेत. दोऱ्याचं टोक ओढलं की सुटतात. केव्हा ओढायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

मेट्रनबाईंना राग आला. आयुष्यभर त्यांनी लोकांना कृपा वाटली होती, कुणी मागितलेली नसताना. घ्यायची वेळ प्रथमच आली होती, आणि तीही जिन्यात, काजं-गुंड्यांच्या पिशवीतून. घरी जाईपर्यंत त्या शिवणताईंचे दोष आठवत होत्या. थोडेच निघाले.

रविवारी सकाळी लेक तयार होऊन उभी राहिली, बाह्या मनगटापर्यंत, कपाळावर घाम. बॅगही भरून ठेवली होती, कारण उद्या सोमवार. मेट्रनबाईंनी तिला उजेडात उभं केलं. मग दोऱ्याचं टोक शोधलं आणि ओढलं. बाही सरसर सुटून आली. मग दुसरी.

“आई, दिसेल सगळं.”

“उन्हाळा आहे,” मेट्रनबाई म्हणाल्या. “ती बॅग रिकामी कर आल्यावर. त्याला फोन मी करते, आणि या वेळी प्रार्थना मी करीन. छोटी.”

मागच्या दाराने जाण्याची सोय होती. त्या पुढच्या दाराने गेल्या, लेकीचा हात धरून, निळ्याच्या जरा खाली. पहिल्या बाकावर बसल्या. मान ताठ होती, आणि लेकीचा हात अजून सोडला नव्हता.

पाळकसाहेब म्हणाले, आपण प्रार्थना करू या. त्या दिवशी डोळे मिटायला कुणीच तयार होईना.